वाचक विचारतात : लिंबाच्या वासाचा गांजा आणि मिलिग्रॅमचा हिशोब

नाशिक आणि आसपासहून आलेल्या पत्रांत यावेळी सात पत्रं एकाच विषयावरची निघाली : लिंबू-संत्र्याच्या वासाचा संकरित गांजा आणि त्याच्या अवतीभवतीचे प्रश्न. म्हणून मधुमेहाची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त गाव किंवा भाग दिला आहे.

मुलगा टोरांटोला शिकतो. सुट्टीत आला तेव्हा सांगत होता की तिकडे दुकानात 'लेमन हेझ' जातीचा गांजा मिळतो. तो हायब्रीड आहे, त्यानं सुस्ती येत नाही, डोकं ताजंतवानं होतं आणि लिंबाच्या वासातल्या घटकामुळे घाबरायला होत नाही. डबीच्या लेबलाचा फोटोही दाखवला : 'टीएचसी २.१ मिग्रॅ/ग्रॅम, टोटल टीएचसी २१० मिग्रॅ/ग्रॅम'. मला वाटलं, दोन म्हणजे किरकोळच. यात खरं किती? (गंगापूर रोड)

आधी लेबल बघू, कारण तुमची गफलत तिथेच झाली आहे. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. वाळलेल्या फुलात तो जवळजवळ नसतोच. असतं ते त्याचं आम्लरूप, टीएचसीए, आणि त्यानं नशा होत नाही. जाळलं किंवा तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. २.१ हा आकडा न तापवलेल्या फुलाचा, २१० हा तापवल्यानंतरचा. ओढणाऱ्याच्या कामाचा आकडा दुसरा. ग्रॅमला २१० मिलिग्रॅम म्हणजे २१ टक्के. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीची सरासरी १९९५ साली चार टक्क्यांच्या आसपास होती आणि २०१४ मध्ये बारा टक्क्यांच्या. 'आमच्या वेळीही कॉलेजात पोरं ओढायची' असं म्हणणाऱ्या काकांचा गांजा आणि हा गांजा, यांचं फक्त नाव सारखं आहे.

आता 'हायब्रीड'. लिनियसनं १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटायव्हा हे नाव दिलं. लामार्कनं १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी मांडली. दुकानदारानं त्यावर सोपं कोष्टक रचलं : इंडिका म्हणजे झोप, सॅटायव्हा म्हणजे तरतरी, हायब्रीड म्हणजे दोन्हींचं थोडं थोडं. इतक्या पिढ्या एकमेकींत मिसळल्यावर आज बाजारातली जवळजवळ प्रत्येक जात संकरितच आहे, आणि एकाच नावाखाली दोन दुकानांत रासायनिकदृष्ट्या वेगळा माल मिळू शकतो. 'सुपर लेमन हेझ' ही लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ यांच्या संकरातून आलेली, ही वंशावळ ठीक आहे. पण वंशावळीवरून परिणाम सांगणं म्हणजे आडनावावरून रक्तातली साखर सांगण्यासारखं झालं.

भीती न वाटण्याच्या दाव्यात मात्र तथ्याचा एक कण आहे. म्हणूनच तो जास्त फसवतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी वीस निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात वाफेतून ३० मिलिग्रॅम टीएचसीसोबत १५ मिलिग्रॅम लिमोनीन (लिंबू-संत्र्याच्या सालीतला वासाचा घटक) दिलं, तेव्हा नुसत्या टीएचसीपेक्षा घाबरेपणा आणि संशयीपणा कमी नोंदला गेला. हे प्रमाण दोनास एक आहे. आता तुमच्या मुलाच्या डबीचा हिशोब करा. फुलात सगळे सुगंधी टर्पिन मिळून साधारण एक ते तीन टक्के, आणि त्यातलं लिमोनीन बहुधा एक टक्क्याच्या आतच. लिंबाचा वास दणदणीत येतो म्हणून ०.६ टक्के धरू, म्हणजे ग्रॅमला ६ मिलिग्रॅम. २१० ला ६ म्हणजे पस्तिसास एक. १५ मिलिग्रॅम लिमोनीनसाठी अडीच ग्रॅम फूल लागेल आणि त्यात ५२५ मिलिग्रॅम टीएचसी असेल! औषध सापडेपर्यंत विषाचा डोंगर. शिवाय त्याच प्रयोगात नुसतं लिमोनीन हे बिनऔषधी वाफेपेक्षा वेगळं ठरलं नाही, आणि स्मरणशक्ती व नाडीवरचे टीएचसीचे परिणामही त्यानं बदलले नाहीत.

मग ताजंतवानं वाटतं ते खोटं का? खोटं नाही. कमी मात्रेत बहुतेकांना हलकं वाटतं, हसू येतं, भूक लागते, गाणं जास्त गोड लागतं. मात्रा वाढली की त्याच फुलानं तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात, नाडी मिनिटाला वीस ते पन्नास ठोक्यांनी वाढते, पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, बोलता बोलता वाक्याची सुरुवात विसरते आणि काहींना 'सगळे माझ्याकडेच बघताहेत' असं होतं. संशोधनात मोजमापासाठी ५ मिलिग्रॅम टीएचसी हे एक प्रमाण एकक धरतात. तीन दशांश ग्रॅमच्या एका सिगारेटीत या मालाचं ६३ मिलिग्रॅम भरतं. निम्म्याहून बरंच जास्त जळून आणि धुरात वाया जातं, तरी पाव भाग रक्तात पोचला तर तीन एककं झाली.

मुलाशी बोलताना वासावर वाद घालू नका, मिलिग्रॅमवर बोला. आठवड्यातून किती वेळा, एकट्यानं की मित्रांत, झोपेसाठी की मजेसाठी, हे विचारा. घराण्यात आई-वडील किंवा भावंडं यांपैकी कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र मानसिक आजार असेल तर ते त्याला स्पष्ट सांगा. अशा मुलांत जास्त टीएचसीचा गांजा रोजच्या रोज ओढल्यास मनोविकार उफाळण्याचा धोका खरोखर मोठा असतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे. ती डबी बॅगेत घालून मुंबईला उतरणं मात्र आपल्याकडे अमली पदार्थ आयातीचा गुन्हा आहे.

माझी वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, सोव्हिन्यों ब्लां. वाईन चाखणारे तिच्यात ग्रेपफ्रूटचा वास सांगतात. गांजातही लिंबू-संत्रं येतं म्हणे. लिंबाशी कलम करतात का? (दिंडोरी)

नाही. दोन्ही झाडांची कुळं वेगळी, कलम जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून दाबा. साल चिरकते आणि ज्योतीत तडतड ठिणग्या उडतात, ते लिमोनीन. संत्र्याच्या सालीच्या तेलात ते नव्वद टक्क्यांहून जास्त असतं. गंमत अशी की नुसत्या लिमोनीनचा वास लिंबापेक्षा संत्र्याकडे झुकतो. लिंबाला 'लिंबूपण' देतं ते सिट्रल, जे सालीच्या तेलात थोडंसंच असतं आणि गवती चहाच्या तेलात मात्र सत्तर-ऐंशी टक्के भरतं. गांजाच्या मादी फुलांवर मोहरीहून कितीतरी बारीक, देठावरच्या चेंडूसारख्या राळेच्या ग्रंथी असतात. त्या एकाच ग्रंथीत, बऱ्याच अंशी एकाच कच्च्या मालातून, टीएचसीएही बनतं आणि लिमोनीन, मायर्सीन, टर्पिनोलीन हे वासाचे घटकही. काळ्या मिरीतलं कॅरिओफिलीनही तिथलंच.

तुमचा तर्क एका बाबतीत मात्र बरोबर आहे. संत्रं-पॅशनफ्रूटच्या वासाच्या काही जातींमध्ये गंधकयुक्त थायॉल सापडले आहेत, आणि तेच ३-मरकॅप्टोहेक्झॅनॉल सोव्हिन्यों ब्लांमध्ये ग्रेपफ्रूटचा वास आणतं. ते वाईनमध्ये लिटरमागे साठेक नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तांबं त्याला पकडून ठेवतं, म्हणून तोडणीच्या तोंडावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेल्या बागेची वाईन वासाला मुकी होते, हे तुमच्या वाईनरीवाल्यांनी सांगितलंच असेल.

यातून एक धडा असा की वासाचा जोर आणि पदार्थाचं प्रमाण यांचा संबंध सरळ नाही. लिमोनीन उडून जातं, हवेशी संयोग पावतं. टीएचसी त्यामानानं हळू मोडतं. वास गेलेला जुना माल सौम्यच असेल असं नाही, आणि घमघमणारा कडकच असेल असंही नाही.

बहिणीच्या वसतिगृहावर कोणीतरी लिंबाच्या चवीच्या गांजाच्या गोळ्या, गमी, आणल्या. एक खाल्ली, तासभर काहीच झालं नाही म्हणून आणखी दोन खाल्ल्या. मग रात्री छाती धडधडायला लागली, 'मी मरणार' म्हणून रडत राहिली. मैत्रिणींनी लिंबाचं लोणचं चाटवलं. अशा वेळी काय करायचं? (कॉलेज रोड)

जे झालं ते अगदी ठरलेल्या वाटेनं झालं. धूर ओढला तर परिणाम मिनिटांत जाणवतो, अर्ध्या तासात शिखर गाठतो आणि दोन-चार तासांत उतरतो. खाल्लं तर पोट, मग यकृत असा प्रवास. सुरुवात अर्ध्या ते दोन तासांनी, शिखर दोन ते चार तासांनी, आणि उतार पडायला सहा-आठ तास, कधी बारा. यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही मेंदूत सहज शिरतं आणि चांगलंच जोरकस असतं. पहिली गोळी चढायच्या आत दुसरी-तिसरी गेली, तिन्ही एकदम वर आल्या. भांगेची थंडाई पिऊन 'काय चढतच नाही' म्हणत दुसरा पेला घेणाऱ्याचंही शिवरात्रीला हेच होतं.

कॅनडात खायच्या मालाच्या अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. कोलोरॅडोत एका तुकड्याला १० आणि पाकिटाला १०० चालतं. चोरट्या मालावर काहीही छापलेलं असतं. एका गोळीत किती होतं हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही, आणि तपासणीशिवाय ते टीएचसीच होतं की कृत्रिम रसायन, हेही नाही. कृत्रिम असेल तर झटके आणि बेशुद्धी जास्त दिसते.

काय करायचं ते क्रमानं. कधी आणि किती खाल्लं ते कागदावर लिहून ठेवा, उरलेलं पाकीट जपून ठेवा. दिवे मंद करा, गर्दी कमी करा, एकच ओळखीची व्यक्ती जवळ बसू द्या. तिनं एवढंच सांगत राहायचं : हे गोळीमुळे होतंय, तासा-तासानं कमी होणार आहे. बसवून किंवा कुशीवर झोपवून ठेवा. एकदम उभं करू नका, रक्तदाब घसरून पडायला होतं. बाथरूमला जातानाही आधार द्या. पाणी घोटाघोटानं. चहा-कॉफी नको, धडधड वाढते. दारू तर नाहीच, त्यानं टीएचसीची रक्तातली पातळी चढते. बोटं घालून उलटी करवू नका; दोन तास उलटल्यावर पोटात फारसं उरलेलं नसतं आणि गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाते.

लोणचं, चिंच, ताक, लिंबूपाणी हे उतारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. ते रक्तातल्या टीएचसीचं काहीही करत नाहीत. तोंड ओलं होतं, लक्ष दुसरीकडे जातं, इतपत ठीक. (लिमोनीन सालीत असतं, रसात जवळजवळ नाही, तेव्हा लिंबूपाण्याला शास्त्राचा टेकू देणाऱ्यांनी निदान साल तरी धरावी.) गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र काहीच कोंबू नका.

छातीत दुखणं, उठवूनही न उठणं, श्वास मंदावणं, झटका, न थांबणारी उलटी, अंगावर धावून जाणं किंवा नसलेलं दिसणं, यांपैकी एकही असेल तर १०८ लावा. लहान मुलानं चुकून खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात न्या. मुलांत खोल गुंगी आणि श्वास मंद होणं दिसतं. डॉक्टरांना गांजाची गोळी असं स्वच्छ सांगा. 'काहीतरी बाहेरचं खाल्लं' म्हटलं की निदान चुकतं, तासभर वाया जातो. दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं, त्या दिवशी स्कूटी नको.

गांजा एक किलोपर्यंत जवळ असला तर गुन्हा नाही, असं मित्र सांगतो. आणि कुंभमेळ्यात साधूंना सूट असते ना? (पंचवटी)

दोन्ही चूक. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात १ किलो ही गांजाची 'अल्प मात्रे'ची मर्यादा आहे, माफीची नाही. अल्प मात्रा असली तरी कलम २० खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोहून जास्त ती 'व्यावसायिक मात्रा', शिक्षा दहा ते वीस वर्षं आणि किमान एक लाख दंड. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. कुंडीत एक झाड लावलं तरी ती लागवडच, दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद. नुसतं सेवन कलम २७ खाली येतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लिंबाचा वास, परदेशी जात, हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यात वाढवलेला) माल, बँकॉकहून आलेलं पाकीट, यांनी कलम बदलत नाही. विमानतळावर सापडलं तर त्यावर आयातीचं कलम २३ ही लागतं.

साधूंसाठी कायद्यात सूट नाही. रामकुंडावर किंवा तपोवनात चिलीम दिसते, पोलीस गर्दी बघून काणाडोळा करतात, तो व्यवहाराचा भाग झाला. तुम्ही प्रसाद म्हणून दोन झुरके मारलेत तर तुमचं सेवन तुमच्या नावावर.

भांगेचं वेगळं आहे. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बिया केंद्रीय कायद्याच्या 'गांजा' या व्याख्येत बसत नाहीत. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं, पिणं गुन्हा ठरतं. वाराणसीत सरकारी ठेक्यावर मिळते म्हणून नाशिकला आणता येत नाही.

व्यसन सोडू बघणाऱ्यांना एक कलम माहीत असावं, ६४अ. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनीनं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. वकिलाला हे कलम आवर्जून विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

सातपूरच्या कंपनीत रुजू होण्याआधी लघवीची तपासणी आहे. गोव्यात एकदा ओढलं होतं. किती दिवस दिसतं? (सिडको)

तपासणी टीएचसी शोधत नाही, शरीरानं मोडल्यावर उरलेला टीएचसी-सीओओएच शोधते. तो चरबीत साठतो आणि हळूहळू सुटतो. पहिल्या चाचणीची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. एकदाच ओढलं असेल तर साधारण तीन-चार दिवस. रोज ओढणाऱ्यात महिनाभर, कधी त्याहून जास्त. लिंबाच्या जातीचा की इतर कुठला, यानं फरक पडत नाही. रतीब घातल्यासारखं पाणी पिऊन नमुना पातळ केला तर प्रयोगशाळा क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा घटक) किती कमी झालंय ते बघून तो परत मागते. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे त्या क्षणी नशा आहे असंही नाही. क्रेन किंवा फोर्कलिफ्टवर काम असेल तर कंपनीला हा फरक ऐकण्यात रस नसतो, आणि ते रास्त आहे.

'लेमन' लिहिलेली, तेल भरलेली व्हेप पेनं कॉलेजबाहेर मिळतात. धूर नाही म्हणजे फुप्फुसाला बरं ना? (इंदिरानगर)

बरं नाही. तिथला लिंबाचा वास बहुधा झाडाचा नसतोच, वरून घातलेला असतो, म्हणजे त्यावरून आतलं काहीच कळत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये अशाच चोरट्या काडतुसांतलं तेल दाट दिसावं म्हणून घातलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटनं फुप्फुसं निकामी झाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. व्हेपची विक्री आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे, आत टीएचसी असेल तर अमली पदार्थ कायदाही लागतो. पेन ओढल्यावर धाप, ताप, खोकला आणि उलट्या एकत्र आल्या तर छातीचा एक्स-रे काढून घ्या आणि पेन सोबत न्या.

आई ७२ वर्षांची. गुडघ्यांसाठी कोणी 'विजया' तेलाचे थेंब सुचवले आहेत. आणि गांजाच्या बियांची चटणी खाल्ली तर चढते का? (देवळाली)

बियांची चढत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये गांजाच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बियांत किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. उत्तराखंडात ती चटणी रोजच्या जेवणातली आहे. कारळ्याच्या चटणीसारखीच करायची : बिया मंद भाजून, लसूण, मिरची, मीठ, आणि टरफल जाड म्हणून नीट कुटून.

विजयाचे थेंब ही वेगळी गोष्ट. ते विजयाच्या, म्हणजे भांगेच्या, पानांचा अर्क असतात, त्यांत टीएचसी असतं. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांग आहे, म्हणजे बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा लागतो आणि चिठ्ठी देणारा वैद्य नोंदणीकृत हवा. बाटलीवर एका थेंबात टीएचसी किती, सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) किती हे मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आई वॉरफरिन (रक्त पातळ ठेवण्याची गोळी) घेत असतील तर सीबीडीनं त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. सुरू करण्याआधी आणि पहिल्या आठवड्यात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची चाचणी) तपासा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पहिला डोस रात्री, अंथरुणावर बसून घ्यायचा. पहाटे बाथरूमला उठताना कोणीतरी हात धरायला हवं.